गाडीत ठेवायला हवा भरायचा पंप कुठला घ्यावा: चार्जिंगचा, वायरचा की पायाचा?

वायरचा घ्या. १२ व्होल्टचा, गाडीच्या सॉकेटला लागणारा. चार्जिंगवाल्याच्या नादाला लागू नका.

गेल्या पावसाळ्यात गगनबावड्याहून परत येत होतो, गाडीत आई, बायको आणि पोरगी झोपलेली. साळवण सोडलं आणि मागचं डावं चाक बसायला लागलं. रात्रीचे साडेनऊ, पाऊस धो धो, त्या वेळेला पंक्चरवाला कुठला उघडा असतोय. स्टेपनी काढली तर ती पण मऊ, १४ पीएसआय, वर्षभर तिच्यात हवा बघितलीच नव्हती, ती चूक माझीच. मग डिकीतनं चार्जिंगचा पंप काढला, जो दाजींनी मला आग्रहानं घ्यायला लावला होता, वायरीची कटकट नको, मोबाईलसारखा चार्ज करायचा म्हणून. १४ वरनं १९ वर गेला, लाल लाईट लुकलुकली आणि पंप गप्प. सहा महिने डिकीत उन्हात पडलेला, चार्जिंग कुठनं राहणार. शेवटी एक दुधाचा टेम्पो थांबला, त्याच्या सीटखाली जुना पायाचा पंप होता, दोघांनी आळीपाळीनं मारून ३० पर्यंत नेली. तोवर आई खाली उतरून आमच्या डोक्यावर छत्री धरून उभी, स्वतः पार भिजली. ते काय मी विसरत नाही.

दाजी अजून म्हणतात, पंपाची चूक नाही, तू चार्ज केला नाहीस. अहो, पण अधनंमधनं आठवणीनं चार्ज करायला लागतोय तर अडीनडीला त्याचा भरवसा काय? वायरवाल्याला गाडीची बॅटरी पुरते.

घेताना वॉट बघा. सॉकेटचा फ्यूज बहुतेक १० नाहीतर १५ अँपिअरचा असतो, म्हणजे १२०-१८० वॉटच्या वरचा पंप लावला की फ्यूज उडालाच. मोठी एसयूव्ही असेल तर थेट बॅटरीला चिमटे लावायचा घ्या. वायर मागच्या चाकापर्यंत पोचते का ते दुकानातच बघा. इंजिन चालू ठेवून हवा मारा आणि दहा मिनिटांनी पंप जरा गार होऊ द्या.

हां, टायर रिमपासनं सुटला असेल तर यातला कुठलाच कामाचा नाही. आणि नुसती टू-व्हीलर असेल तर चार्जिंगचा चालेल, सीटखाली मावतो, एवढं दाजींचं मान्य. पण कारला नाही. रविवारी ते जेवायला येतायत, त्यांचा पंप दिवाळीपासनं त्यांच्या डिकीतच पडलाय, तो तसाच काढायला लावून माझ्या स्टेपनीला लावणार आहे.