'भ्याड हल्ला' : यात भ्यालेले कोण?

फोंड्याच्या एका वाचकाने विचारले आहे : मरायच्या तयारीनेच आलेल्या दहशतवाद्यांच्या हल्ल्याला वर्तमानपत्रे 'भ्याड' म्हणतात, हे मराठीच्या दृष्टीने बरोबर आहे का?

व्याकरणात चूक नाही. अर्थ मात्र पुष्कळदा निसटतो.

'भित्रा' आणि 'भ्याड' दोन्ही 'भिणे'च्या घरातले. काळोखाला भिणारे पोर भित्रे. त्यात त्याचा दोष नाही. भ्याड म्हणजे जिथे पाय रोवायचे तिथे जीव वाचवायला पळणारा. हा ठपका आहे. दोन्ही शब्दांत भीती असते ती भिणाऱ्याच्याच पोटात. 'दहशत' नेमकी उलटी : ती दुसऱ्याच्या पोटात घालायची असते. गोव्यातल्या कानाला हा फरक लगेच कळेल, कारण कोकणीत 'भियेवप' (भिणे) वेगळे आणि 'भेश्टावप' (दुसऱ्याला भिववणे) वेगळे. 'दहशतवाद्यांचा भ्याड हल्ला' म्हणताना आपण भेश्टावणाऱ्यालाच भ्यालेला ठरवतो.

11 जुलै 2006 रोजी मुंबईच्या लोकलमध्ये लपवून ठेवलेले बॉम्ब फुटले. तिथे 'भ्याड' खपेल. 26 नोव्हेंबर 2008 ला समुद्रातून आलेल्या दहांपैकी नऊ जण तिथेच मारले गेले. त्यांना जिवाची भीती होती असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही. त्यांचा गुन्हा भित्रेपणाचा नव्हताच, तो निःशस्त्रांना मारण्याचा होता.

'भ्याड' म्हणणाऱ्यांना बहुधा हेच म्हणायचे असते, आणि तो राग खरा आहे. बेसावधावर, झोपलेल्यावर हत्यार उचलणे आपल्याकडे नेहमीच नीच मानले गेले. महाभारतातल्या सौप्तिक पर्वाचे नावच 'सुप्त'वरून आले आहे. तिथे झोपलेल्यांना कापायला निघालेल्या अश्वत्थाम्याला कृपाचार्य अडवतात ते अधर्म म्हणून. तो भितो म्हणून नव्हे.

मग लिहावे काय? माझ्या मते 'निर्घृण'. घृणा म्हणजे किळस असे धरून पुष्कळांना हा शब्द कोड्यात टाकतो. पण संस्कृतात 'घृणा'चा एक अर्थ दया, करुणा असा आहे. निर्घृण म्हणजे ज्याला दयेचा लवलेश नाही तो. 22 एप्रिल 2025 च्या पहलगाम हल्ल्याला, जिथे 26 माणसे मारली गेली, हा शब्द नेमका बसतो. विशेषण नकोच असेल तर 'निःशस्त्र पर्यटकांवर गोळीबार' एवढे पुरे; ते जास्त बोचते.

'भ्याड' काढला म्हणून 'बेडर' किंवा 'जिवावर उदार' मात्र चुकूनही घालू नये. 'जिवावर उदार' हे कौतुकाचे बोल आहेत, ते बुडणाऱ्याला वाचवायला उडी घेणाऱ्यासाठी राखावेत. इथे 'मरायच्या तयारीने आलेले' असे कोरडे लिहावे.

मंत्र्यांच्या निवेदनात 'भ्याड' असेल तर तो बदलू नये, अवतरणात त्यांच्याच तोंडी ठेवावा. मथळा करताना अवतरणचिन्हे गळतात आणि तो शब्द वर्तमानपत्राचा होऊन बसतो, तिथे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते.