ताक सोडू, की कॅप्सूल घेऊ?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, मी निपाणीजवळच्या खेड्यातली, वय ३४. आईला दहा वर्षं झाली संधिवात हाय, ऱ्हुमॅटॉइड म्हणून सांगितलंय, दोन्ही हातांची बोटं वाकलीत, भाकरी थापायचं कधीच बंद झालं. आता हे माझ्यापण मागं लागणार का म्हणून झोप येईना झालीय. शेजारच्या काकू म्हणतात दही-ताक बंद कर, आंबटानं वात वाढतो. मोबाईलवर बघितलं तर उलटंच, पोटातल्या चांगल्या बॅक्टेरियांनी हा आजार टळतो म्हणे! मेडिकलवाल्याला विचारलं तर त्यानं लगेच कॅप्सूल काढून दाखवली, महिन्याला बाराशे रुपये. घेऊ का? आईलापण देऊ का, तिच्या आठवड्यातनं एकदा घ्यायच्या मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या चालू हायत.

उत्तर: ताई, आधी झोपेचं बघू. हा आजार साधारण शंभरात एखाद्याला होतो, आईला असला की लेकीची शक्यता तिपटीच्या आसपास जाते, म्हणजे तरी बहुतेक लेकी सुटतातच की. एकसारख्या जुळ्यांतसुद्धा एकाला झाला तर दुसऱ्यालाही झाल्याचं प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपासच दिसलंय. म्हणजे रक्ताशिवाय बाकीचं बरंच काही लागतं, बिडी-सिगरेटचा धूर, हिरड्यांचं दुखणं, आणि आता सगळ्यांचा डोळा ज्याच्यावर आहे ते पोट.

मोबाईलवरचं अगदीच खोटं नाही हो. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांना नुकताच आजार झालेल्या, औषध सुरू न केलेल्या ७५ टक्के पेशंटांच्या पोटात प्रेव्होटेला कोप्री नावाचा जंतू सापडला, निरोगी लोकांत २१ टक्क्यांत. पुढं २०१६ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये वीणा तनेजांच्या टीमनं माणसाच्याच आतड्यातला प्रेव्होटेला हिस्टिकोला उंदरांना पाजला, तर कमी उंदरांना सांधेदुखी झाली आणि झाली तीही सौम्य, कारण शरीराच्या स्वतःवरच उलटलेल्या पेशींना आवरणाऱ्या पेशी वाढल्या. आडनाव दोघा जंतूंचं एकच बघा, प्रेव्होटेला, पण आपल्याकडं एकाच गावात चार पाटील असतात, एक भांडण लावतो आणि एक मिटवतो, तसलीच गत! म्हणूनच नुसतं ‘चांगले बॅक्टेरिया’ म्हणून विकतात तेव्हा मला हसू येतं, कुठला ते तरी सांगा की.

तर तो मिटवणारा पाटील तुमच्या त्या कॅप्सूलमध्ये नाही आणि ताकातही नाही. कॅप्सूलमध्ये बहुतेक लॅक्टोबॅसिलस जातीचे जंतू असतात. इराणमध्ये आजार असलेल्या ४६ बायकांवर ८ आठवडे तसला एक जंतू देऊन बघितला, थोडा फरक पडला, पण त्या आधीच आजारी होत्या, नेहमीची औषधं चालू होती. धडधाकट माणसाला कॅप्सूल देऊन संधिवात टाळला असं माणसांत अजून कुणी दाखवलेलं नाही. बाराशे रुपये ठेवा जवळ.

ताक मात्र बिनधास्त प्या, मज्जिगे म्हणा नाहीतर ताक म्हणा. आंबटानं हा आजार वाढतो याला काही पुरावा नाही, पण आईला ताक घेतल्यावर खरंच त्रास वाटत असला तर हट्टानं पाजू नका, आणि काकूंशी भांडूपण नका. एक मात्र, कढी केली की उकळीत जंतू मेले, मग ती चवीसाठीच.

आईला कॅप्सूल तिच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, मेथोट्रेक्सेटनं प्रतिकारशक्ती दबलेली असते, अशा माणसाला जिवंत जंतू कधीकधी बाधतात. गोळ्या आठवड्यातनं ठरल्या वारीच ना? चुकून रोज घेतल्या तर जिवावर बेततं, म्हणून कॅलेंडरवर खूण करा.

तुमच्या भागात तंबाखूचं सांगायला नकोच. घरात कुणी बिडी ओढत असलं तर बाहेर पाठवा, मिसरी लावत असाल तर ती आधी सोडा, हिरड्या सडतात, आणि दातांच्या डॉक्टरला एकदा दाखवा.

आणि कधी सकाळी उठल्यावर दोन्ही हातांची बोटं अर्धा-एक तास वळेनाशी झाली, अंगठी निघेना झाली, आणि हे सहा आठवडे चाललं, तर तेल चोळत बसू नका, बेळगावात नाहीतर कोल्हापुरात ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे संधिवाताचे डॉक्टर, गाठा आणि आईला हा आजार आहे ते पहिल्याच भेटीत सांगा. अँटी-सीसीपी म्हणून रक्ताची तपासणी असते, ती काहींच्यात सांधे सुजायच्या कैक वर्षं आधीच पॉझिटिव्ह येते. औषधं लवकर सुरू झाली तर बोटं वाकण्याआधीच आजार धरता येतो, आईच्या वेळी ते जमलं नसेल कदाचित.