ख्रिश्चन लोक जगाचा अंत आणि शेवटचा न्याय मानतात म्हणजे नक्की काय मानतात? माझी रूममेट खूप घाबरली आहे.

तू लिहिलंयस की तुम्ही दोघी संभाजीनगरला होस्टेलवर राहता, रूममेट ख्रिश्चन आहे, महिनाभर तिच्या व्हॉट्सअ‍ॅपवर 'येशू येणार, जग संपणार, आधार कार्ड म्हणजेच 666' असले व्हिडिओ येतायत आणि ती लाइट चालू ठेवून झोपते. आणि शेवटी हळूच विचारलंयस की आम्ही ख्रिश्चन नाही तर आम्ही सगळे नरकात जाणार का. माझ्या भाचीच्या वयाची असशील म्हणून तूच म्हणते, राग मानू नको.

मी ख्रिश्चन, मूळ आम्ही जालन्याचे, पप्पांच्या नोकरीमुळे लातूरला वाढले. आधी सगळ्या मंडळ्या, म्हणजे आमचे वेगवेगळे चर्च, जे मानतात ते सांगते. येशू मेला, तिसऱ्या दिवशी उठला, स्वर्गात गेला आणि तो परत येणार आहे. तेव्हा मेलेले उठतील, जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय तोच करील. हे आम्ही उपासनेत उभं राहून विश्वासाच्या कबुलीत म्हणतो, कॅथलिक पण म्हणतात, आम्ही प्रोटेस्टंट पण. आणि न्यायानंतर सगळं खल्लास असं नाही गं, नंतर नवं आकाश आणि नवी पृथ्वी. बायबलचं शेवटचं पुस्तक म्हणजे प्रकटीकरण, त्याच्या 21 व्या अध्यायात देव माणसांबरोबर राहायला येतो आणि त्यांच्या डोळ्यातले अश्रू पुसतो असं आहे. आमच्या घरात कुणी गेलं की हाच भाग वाचतात आणि म्हणून आम्ही माणूस पुरतो तेव्हा कबरीवर 'प्रभूमध्ये झोपी गेले' लिहितो, झोपलेला उठतो ना, म्हणून.

बाकी तपशिलात आमच्यात एकमत नाही. प्रकटीकरण 20 मध्ये येशूचं हजार वर्षांचं राज्य येतं, कुणी म्हणतं येशू आधी येणार मग हजार वर्षं, कुणी म्हणतं नंतर, कुणी जुन्या काळातल्या संत ऑगस्टिनसारखं म्हणतं की तो काळ म्हणजे आत्ताचाच मंडळीचा काळ. तो व्हिडिओवाला जे 'रॅप्चर' सांगतो, म्हणजे विश्वासणारे अचानक उचलले जाणार आणि बाकीचे खाली सात वर्षं संकटात राहणार, ती मांडणी 19 व्या शतकात जॉन नेल्सन डार्बी नावाच्या उपदेशकाने पसरवली, पुढे 1909 च्या स्कोफील्ड बायबलच्या टिपांमधून ती घराघरात गेली. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बऱ्याच जुन्या प्रोटेस्टंट मंडळ्या ती तशी मानत नाहीत. हे तिला सांग, कारण तिला वाटत असेल की व्हिडिओत आहे तेच बायबल.

तारखेचं तर विचारूच नको. मत्तय 24:36 मध्ये, म्हणजे बायबलमधल्या मत्तयाच्या पुस्तकाच्या 24 व्या अध्यायातल्या 36 व्या ओळीत, येशू स्वतः म्हणतो की तो दिवस आणि ती घटका कुणालाच ठाऊक नाही, देवदूतांना नाही, पुत्रालाही म्हणजे त्याला स्वतःलाही नाही, फक्त पित्याला, म्हणजे देवाला. तरी अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या उपदेशकाच्या हिशोबाने 22 ऑक्टोबर 1844 ला लोक वाट बघत बसले, 2011 मध्ये हॅरोल्ड कॅम्पिंग नावाच्या रेडिओवरच्या उपदेशकाने 21 मे सांगितली. दोन्ही दिवस गेले आणि ज्यांनी भरवसा ठेवला त्यांची मनं मोडली. मला त्या लोकांचं फार वाईट वाटतं.

आता 666. प्रकटीकरणाच्या 13 व्या अध्यायात एक श्वापद येतं, हा त्याचा आकडा. प्रकटीकरण लिहिणारा योहान पात्म नावाच्या बेटावर होता आणि तो लिहीत होता आजच्या तुर्कस्तानातल्या सात मंडळ्यांना, जिथे रोमच्या सम्राटाला देव माना म्हणून दडपण होतं. हिब्रूत अक्षरांना आकड्यांची किंमत असते, 'नेरोन कैसर' म्हणजे रोमचा सम्राट नेरो, त्या नावाची अक्षरं मिळवली की 666 येतात, आणि काही जुन्या हस्तलिखितांत 616 आहे, ते पण त्याच नावाच्या दुसऱ्या स्पेलिंगला जुळतं. म्हणून पुष्कळ अभ्यासक म्हणतात की ते श्वापद म्हणजे आधी ती सत्ता होती जी लोकांना आपल्यापुढे गुडघे टेकायला लावते. त्या श्वापदाची खूण उजव्या हातावर नाहीतर कपाळावर, व्हिडिओवाला इथे थांबतो. पण पान उलट, 14 व्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत दुसरे लोक उभे आहेत ज्यांच्या कपाळावर कोकऱ्याचं म्हणजे येशूचं आणि त्याच्या पित्याचं नाव आहे. म्हणजे प्रश्न तू कुणाची आहेस हा आहे, रेशन दुकानात अंगठा लावला की नाही हा नाही. कोविडच्या वेळी लसीबद्दल पण हेच फिरलं, आमच्या ओळखीच्या एका आजोबांनी त्या भीतीने लस घेतली नाही, त्याबद्दल मला आजही त्या फॉरवर्ड करणाऱ्यांचा राग येतो.

मी स्वतः पण अशीच घाबरले होते म्हणून तिची रात्र मला कळते. 30 सप्टेंबर 1993, विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट, चारच्या सुमाराला भूकंप झाला, मी तेव्हा अकरा वर्षांची. लातुरात आम्ही सगळे रस्त्यावर, सकाळी कळलं की किल्लारी, सास्तूरकडे गावंच्या गावं मातीत गेली, हजारो माणसं झोपेतच दगडाच्या भिंतींखाली. पुढच्या आठवड्यात बाहेरून एक उपदेशक आला, तो म्हणाला मत्तय 24 मध्ये लिहिलंय भूकंप होतील, हा शेवट आहे, आणि हे पापाचं फळ आहे. मी रात्रभर रडले. आजीने त्या माणसाचं नाव पण काढलं नाही, ती पहाटे उठून चुलीपुढे बसली, ज्वारीच्या भाकरी थापून थापून फडक्यात बांधत होती, गाड्या जात होत्या तिकडे, त्यात द्यायला. मी विचारलं आजी आता जग संपणार का, तर म्हणाली, "ते त्याला ठावं माय, तू पीठ घाल." आणि तोच अध्याय नंतर पप्पांनी मला वाचून दाखवला. लढायांच्या बातम्या ऐकाल तरी घाबरू नका, एवढ्यात शेवट नाही, असं तिथेच भूकंपाच्या ओळीच्या आधी लिहिलेलं आहे, सहाव्या ओळीत. उपदेशकाने ती ओळ गाळली होती.

आणि न्यायाचं सगळ्यात स्पष्ट चित्र येशूने त्याच्या पुढच्या अध्यायात दिलंय, मत्तय 25. सगळी राष्ट्रं त्याच्यासमोर जमतात आणि मेंढपाळ मेंढरं आणि शेरडं वेगळी करतो तसं तो माणसांना वेगळं करतो. शहरातल्या माणसाला हे वरवरचं वाटतं, मेंढरू पांढरं, शेळी वेगळी, त्यात काय अवघड. पण आपल्याकडची उस्मानाबादी शेळी काळी आणि दख्खनी मेंढी पण बरीचशी काळीच. औशाच्या रस्त्याला संध्याकाळी कळप चाललेला बघ, धूळ उडतेय, लांबून एकही ओळखू येत नाही, सगळी एकसारखी. जवळ गेलीस की दिसतं, शेळीची शेपटी वर, मेंढीची खाली. धनगर मात्र काठी नुसती मधे घालतो आणि त्याला बघावं पण लागत नाही. तसं आहे ते, लांबून मला सांगता येत नाही कोण कुठल्या बाजूचं, माझ्या चर्चमधल्या माणसाबद्दल पण नाही.

आणि विचारतो काय? मी भुकेला होतो, तान्हेला होतो, परका होतो, आजारी होतो, तुरुंगात होतो, तू काय केलंस. उजवीकडचे, म्हणजे मेंढरांच्या बाजूचे, पण चकित होतात की प्रभू आम्ही तुला कधी पाणी दिलं. तो म्हणतो, ह्या माझ्या लहानातल्या लहान बंधूंपैकी एकासाठी केलंत ते माझ्यासाठीच केलंत. काही जण म्हणतात यात 'माझे बंधू' म्हणजे फक्त येशूचे शिष्य, आणि तारण, म्हणजे पापातून सुटका, कर्माने नाही विश्वासाने होतं, आमचे पाळकसाहेब पण ते सांगतात आणि मी पण मानते. पण ज्या विश्वासातून पाणी निघत नाही तो विश्वास कसला, हे याकोबाच्या पत्रात आहेच.

2016 चा उन्हाळा आठवतो का, तू लहान असशील, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, टाक्यांपाशी जमावबंदीचं 144 कलम लावलं होतं. आमच्या बोअरला तेव्हा दिवसातून अर्धा तास धार यायची. एक बाई दुपारी फाटकाशी आली, बांधकामावरची असावी, हातात निळी प्लास्टिकची घागर, तोंडाला फडकं बांधलेलं, म्हणाली ताई एवढी भरून द्या. माझ्याकडे मागे तीन पिंपं भरलेली होती. मी पाणी नाही म्हटलं. ती काही बोलली नाही, घागर दुसऱ्या कडेवर घेतली आणि गेली. शेवटच्या न्यायाची भीती मला वाटते ती ही, 666 ची नाही. मी त्याबद्दल क्षमा मागितली आहे आणि मिळाली असं मानते, पण तो अध्याय आला की घागर दिसते.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. मंडळ्यांमध्ये यावर मतं वेगळी आहेत, कुणी ठाम म्हणतात की येशूवर विश्वास ठेवल्याशिवाय मार्ग नाही. कॅथलिक चर्चने 1964 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत लिहून ठेवलं की ज्यांना आपला काही दोष नसताना येशूची सुवार्ता कळली नाही पण जे खऱ्या मनाने देवाला शोधतात त्यांचंही तारण होऊ शकतं. मी येशूलाच तारणारा मानते, त्यात मागेपुढे नाही. पण न्यायाधीश तोच आहे, ज्याने क्रुसावरून मारणाऱ्यांसाठी क्षमा मागितली, त्याच्या खुर्चीवर बसून मी तुझा निकाल देणार नाही. आमच्या गल्लीतल्या खाला पण कयामत मानतात, त्यांच्यातही ईसा, म्हणजे येशूच, परत येणार आहेत, आम्ही दोघी यावर तासन्‌तास बोललोय आणि कुणी कुणाला नरकात घातलं नाही.

आता तिच्यासाठी. तो ग्रुप म्यूट करायला सांग, आणि 1 थेस्सलनीकाकरांस पत्राचा चौथा अध्याय काढ, तेराव्या ओळीपासून. उचलले जाण्याची जी ओळ व्हिडिओत भीती घालायला वापरतात ती तिथलीच आहे, पण ते पत्र लिहिणाऱ्या पौलाने ते लिहिलं होतं ज्यांची माणसं गेली होती त्यांना. अठरावी ओळ आहे, ह्या वचनांनी एकमेकांचे सांत्वन करा. तू ख्रिश्चन नसलीस तरी चालेल, आज रात्री तूच तिला मोठ्याने वाचून दाखव, आणि नंतर लाइट बंद करायचा का ते तिला ठरवू दे.