माध्यमिक शाळेच्या ग्रंथालयात मुलांसाठी कोणते उपक्रम घ्यावेत? (ग्रंथपाल नाही, पैसे नाहीत, आठवड्याला एकच तास)

मॅडम, तुम्ही लिहिलंय की इतिहास शिकवता, यंदा ग्रंथालयाचा चार्जही तुमच्या गळ्यात आलाय, वेगळा ग्रंथपाल नाही, आठवी ते दहावीला आठवड्यातून एकेक तास मिळतो आणि बजेट नावालाच. मी एका अनुदानित शाळेत ग्रंथपाल होतो, आता रिटायर आहे, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो. उपक्रमांचं नंतर बघू, आधी ते कपाट उघडा.

खरं सांगायचं तर आपल्याकडे बहुतेक शाळांमध्ये पुस्तकं असतात पण कुलपात असतात, आणि त्याचं कारण आळस नसतो, भीती असते. चार्ज घेताना रजिस्टरवर सही केलेली असते, उद्या एक पुस्तक कमी भरलं तर पगारातून कापतील असं कोणीतरी सीनियर सरांनी सांगून ठेवलेलं असतं, मग किल्ली कमरेला आणि पुस्तकं काचेमागे. यावर एक कागद कामाला येतो. केंद्र सरकारचे सामान्य वित्तीय नियम 2017 आहेत, त्यातला नियम 215 काढा. त्यात म्हटलंय की वर्षभरात देवघेव झालेल्या किंवा वाचायला दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ झाली तर ते वाजवी धरावं, फक्त त्यामागे लबाडी किंवा निष्काळजीपणा नसावा, आणि दुर्मिळ पुस्तक किंवा हजार रुपयांहून महागडं पुस्तक गेलं तर मात्र चौकशी करावी. हा नियम तुमच्या संस्थेला थेट लागू होत नाही, पण प्रिंट काढून मुख्याध्यापकांसमोर ठेवा, शाळा समितीच्या मीटिंगमध्ये तशाच अर्थाचा ठराव करून घ्या आणि ठरावाची झेरॉक्स स्वतःच्या फाईलला लावा. आणि त्या नियमातली गंमत बघा, सूट कपाटातल्या पुस्तकांवर नाही, फिरलेल्या पुस्तकांवर आहे. जितकी जास्त फिरतील तितकी जास्त हरवायची मुभा!

कपाट उघडलं की निम्मा माल जुनी गाईडं, बाद झालेल्या अभ्यासक्रमाची पुस्तकं आणि कोणीतरी भेट दिलेले अध्यात्माचे जाडजूड ग्रंथ निघतील. ते सगळं लगेच निर्लेखित करायच्या, म्हणजे रजिस्टरमधून रीतसर काढून टाकायच्या, भानगडीत पडू नका, त्याला परवानग्या लागतात आणि वर्ष त्यातच जाईल, नुसतं एका बाजूला सरकवून ठेवा. मुलं वाचतील अशी शे-दीडशे पुस्तकं निवडा आणि टेबलावर, खिडकीच्या कट्ट्यावर, जुन्या बाकांवर मुखपृष्ठ वर करून मांडा. ड्यूईचे आकडे, म्हणजे ग्रंथालयात विषयवार पुस्तकं लावायचे क्रमांक, मुलांना शिकवायला जाऊ नका, मराठी साहित्य 891.46 ला येतं हे आठवीच्या पोराला कळून काय करायचंय, गोष्टींना लाल टेप, विज्ञानाला निळी, चरित्रांना पिवळी, झालं. (हे वाचून ग्रंथालयशास्त्रवाले मित्र चिडतील, चिडू देत.) भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक मानले जाणारे आपले रंगनाथन मूळचे गणिताचे शिक्षक, 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, आणि त्यांचा पहिलाच नियम आहे की पुस्तकं वापरासाठी असतात. वर्गीकरण त्यांनीही शोधून काढलं, पण ते त्याच्या नंतरचं.

देवघेव तुम्ही स्वतः करू नका, वेळच पुरणार नाही. आठवी-नववीची सहा-सात मुलं घ्या, मधल्या सुट्टीत एका वहीत नाव, पुस्तक, तारीख, सही एवढंच लिहायचं. फक्त हुशार आणि शांत मुलं निवडू नका ही माझी खास विनंती, त्यांना मॉनिटरपासून सूत्रसंचालनापर्यंत सगळं मिळालेलंच असतं. मी मुद्दाम मागच्या बाकावरची घेत असे, ऑफ तासाला व्हरांड्यात सापडणारी, आणि वसुली करावी तर त्यांनीच, पुस्तक थकवणाऱ्याच्या घरापर्यंत जायची. दहावीच्या मुलांवर मात्र जबाबदारी टाकू नका, पालक भांडायला येतात.

आता तो आठवड्याचा तास. माझ्या मते खरा उपक्रम हाच, बाकी सगळं वरची सजावट. सुरुवातीची दहा मिनिटं तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा, हो, नववीलाही, ती मुलं आधी हसतात आणि तिसऱ्या आठवड्याला तास बुडाला तर विचारायला येतात. ऐन रंगात आलं की थांबायचं, पुस्तक टेबलावर ठेवून द्यायचं आणि कोण पळवतंय ते बघायचं. उरलेला वेळ ज्याने त्याने मनाने वाचायचं, तुम्हीसुद्धा, त्या वेळात पेपर तपासायचे नाहीत कारण मुलं बघत असतात. कोणी चित्रकथा वाचेल, कोणी पेपरातलं क्रिकेटचं पान वाचेल, वाचू द्या. आणि कृपा करून सारांश लिहून आणायला सांगू नका. पुस्तक वाचलं की वहीत लेखकाचे नाव, कथेचा सारांश, मिळालेला बोध, ही पद्धत ज्याने काढली त्याने वाचणारी मुलं वाचनापासून तोडली असं माझं स्पष्ट मत आहे. काही लिहून घ्यायचंच असेल तर पुस्तकाच्या शेवटच्या पानावर एक कोरा कागद चिकटवा आणि वाचणाऱ्याने पुढच्या वाचकासाठी एक ओळ लिहायची, "भंगार आहे" लिहिलं तरी चालेल. त्या ओळी वाचायला म्हणून मुलं पुस्तकं उघडतात हो.

एक अडचण तुम्हाला पहिल्याच महिन्यात दिसेल, ती आधीच सांगून ठेवतो. आठवी-नववीत अशी मुलं असतात ज्यांना सलग परिच्छेद वाचता येत नाही. ती पुस्तक उघडून बसतात, पानंही उलटतात, पण वाचत नसतात, आणि सगळ्यांसमोर सोपं पुस्तक हातात दिलं तर अपमान होतो, मग ती ग्रंथालयात यायचंच टाळतात. यावर उपाय असा की त्यांना पाचवीच्या मुलांना गोष्ट वाचून दाखवायचं काम द्यायचं. छोट्यांना दाखवायची म्हणून छोटी गोष्ट घ्यायला त्यांना लाज वाटत नाही, आणि दाखवायची म्हणून घरी चार वेळा वाचून येतात. त्यासाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर बघा, मराठीत भरपूर गोष्टी फुकट आहेत, पातळीनुसार लावलेल्या आहेत आणि प्रिंट काढायलाही परवानगी आहे. पाचवीच्या वर्गशिक्षकांना फक्त पंधरा मिनिटं मागायची, ते आनंदाने देतात.

तुम्ही इतिहासाच्या आहात म्हणून पुढचं जरा सविस्तर सांगतो, कारण ग्रंथालय आणि तुमचा विषय इथे छान जुळतात. गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून 1972 च्या दुष्काळाच्या आठवणी जमवा. आज जे सत्तरीच्या आसपास किंवा पुढे आहेत ते तेव्हा खडी फोडायला गेलेले असतात, सुकडी, मिलोची लाल ज्वारी, मस्टरवरची हजेरी हे सगळं त्यांना आठवतं आणि कोणी विचारत नाही म्हणून सांगायचं राहिलेलं असतं. नववीच्या मुलांनी जोडीजोडीने जायचं, फोनवर रेकॉर्ड करायचं, आल्यावर उतरवून काढायचं. पण एवढ्यावर थांबलं तर तो नुसता प्रकल्प झाला, ग्रंथालयाचा उपक्रम नाही झाला. आजोबा म्हणाले ते छापील माहितीशी ताडून बघायचं ही पुढची पायरी. राज्याचे जिल्हा गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याची माहिती देणारे सरकारी ग्रंथ, ऑनलाइन मोफत आहेत, मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे, रोजगार हमीचा कायदा 1977 चा आहे पण कामं तर आधीच सुरू होती, मग हे कसं, असा प्रश्न मुलांना आपणहून पडला की समजा काम झालं. आजोबांचं साल चुकलेलं निघतं, कधी पुस्तकातच गावाचं नाव चुकलेलं निघतं, आणि एका गोष्टीसाठी दोन-तीन ठिकाणी बघावं लागतं ही सवय लागते. ती सवय व्याख्यान देऊन लागत नाही.

मुलींचा गट असेल तर जात्यावरच्या ओव्या घ्या. पारी म्हणून ग्रामीण भारताचं जे ऑनलाइन संग्रहालय आहे तिथे गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकारातून जमलेल्या ओव्या आहेत, एक लाखाच्या वर, हजाराहून जास्त गावांमधल्या, बऱ्याच ऐकायलाही मिळतात. आधी त्या स्पीकरवर ऐकवा, मग घरी आजीला विचारा म्हणावं. "आम्हाला नाही येत" म्हणणारी आजी दुसऱ्या दिवशी वीस ओव्या सांगते. मुलींचा म्हटलं तरी मुलांनाही घ्या खरं तर, आजी सगळ्यांनाच असते.

या सगळ्याचं हस्तलिखित काढा. पीडीएफ नको, खरं हाताने लिहिलेलं, चित्रं काढलेलं, दोऱ्याने शिवलेलं, आणि त्याला दाखल रजिस्टरमध्ये रीतसर नंबर द्या. आपण लिहिलेलं कपाटात नंबर पडून बसलंय हे मुलांना भयंकर आवडतं, पुढच्या वर्षीची मुलं तेच सगळ्यात आधी मागतात.

विज्ञानाच्या शिक्षकांनाही ओढा. सहावी आणि नववीला होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा असते, तिच्या पुढच्या टप्प्यात कृतिसंशोधन प्रकल्प करावा लागतो, आणि बहुतेक मुलं तो प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानात तयार मागतात. त्यांना ग्रंथालयात बसवून संदर्भ शोधायला शिकवणं हे कामच आहे तुमचं. सहावी ते आठवीला नव्या शैक्षणिक धोरणात दहा दप्तराविना दिवस सांगितलेत, त्यातला एखादा दिवस सार्वजनिक वाचनालयात न्या.

दिवस साजरे करणं हा वेगळा विषय आहे. 12 ऑगस्ट ग्रंथपाल दिन, 15 ऑक्टोबर वाचन प्रेरणा दिन, 27 फेब्रुवारी मराठी भाषा गौरव दिन, 23 एप्रिल पुस्तक दिन पण तेव्हा मुलं परीक्षेत असतात. परिपत्रक येतं, फोटो मागतात, ग्रंथदिंडी निघते, पालखीत कपाटातली सगळ्यात जाड पुस्तकं. करा, करावंच लागतं, फक्त त्यात सगळी शक्ती घालवू नका. 15 ऑक्टोबरला पाहुण्यांचं भाषण ठेवण्यापेक्षा एक पूर्ण तास शिपाईमामांपासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांनी नुसतं वाचत बसायचं, फोटो त्याचाही चांगला येतो.

पैशाचं म्हणाल तर सरकारी शाळा असेल तर समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून ग्रंथालय अनुदान येतं, शाळेच्या प्रकाराप्रमाणे पाच ते वीस हजार, ते पुरवठादाराच्या छापील यादीवर उडवू न देणं हीच लढाई असते, मुलांना विचारून यादी करा. बालभारतीचं 'किशोर' मासिक लावा, 1971 पासून निघतंय, जुने अंक त्यांनी ऑनलाइन फुकट ठेवलेत. नॅशनल बुक ट्रस्टची मराठी पुस्तकं स्वस्त असतात. वाढदिवसाला पुस्तक भेट ही योजना चांगली वाटते पण घरातली रद्दी येते, म्हणून टेबलावर "हवी आहेत" अशी यादी लावा आणि त्यातलंच घ्या. आणि तालुक्याच्या वाचनालयात जाऊन बसा एकदा. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली अ, ब, क, ड वर्गाची वाचनालयं जागोजागी आहेत, बऱ्याच ठिकाणी बालविभागाची पुस्तकं धूळ खात असतात, महिन्याला पन्नास पुस्तकांची पेटी द्या म्हटलं तर सहसा नाही म्हणत नाहीत, त्यांनाही वाचक दाखवायचे असतात.

राहिली उन्हाळी सुट्टी. बहुतेक शाळा मार्चमध्ये सगळी पुस्तकं जमा करून घेतात, म्हणजे वाचायला वेळ असतो नेमका तेव्हाच हातात काही नाही. सातवी ते नववीला सुट्टी लागताना तीन-तीन पुस्तकं देऊन टाका, जूनमध्ये येतात परत, दोनचार राहतात त्यासाठी तो ठराव आहेच. दहावीवाल्यांचं मात्र हॉल तिकीट वाटपाच्या दिवशी दारात टेबल टाकून बसा. हॉल तिकीट अडवायचं नाही हां, तसं करूच नये, फक्त वही उघडी ठेवून बसायचं आणि नाव घेऊन हाक मारायची, कारण एकदा परीक्षा झाली की ती पोरं निकालाच्या दिवशीच दिसतात आणि तेव्हा पुस्तकाचं काढायला तुम्हालाच जीवावर येतं.