उस्तादांचे सुटे भाग आणि मुलीच्या फीची एफडी

प्रश्न: मी सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात मशीन मेकॅनिक आहे. वय 44, पगार 20,500, घर पगारात भागतं. रविवारी लोकांच्या जुन्या पायमशिनी दुरुस्त करतो. महिन्याला साधारण 16 होतात, मजुरी सरासरी 350 रुपये. ज्यांच्या हाताखाली शिकलो ते उस्ताद आता 71 वर्षांचे आहेत, दुकान बंद करतायत. सुट्या भागांचा सगळा साठा 3,25,000 रुपयांना मलाच देतो म्हणतात. असला माल आता कुठे मिळत नाही. माझ्याकडे 4 लाखांची एफडी आहे, 7 टक्क्यांची. पुढच्या जूनमध्ये, म्हणजे दहा महिन्यांनी संपते. मुलीच्या डिप्लोमाच्या फीसाठी ठेवली होती. मोडू का? नोकरी सोडून यातच उतरू का? कारागिरांसाठीच्या सरकारी पीएम विश्वकर्मा योजनेतून मला काही मिळेल का?

उत्तर: नमस्कार. यादीबरोबर उस्तादांच्या विक्रीच्या वहीचे फोटोही पाठवलेत हे फार बरं केलंत. नुसत्या यादीवरून मला काही सांगता आलं नसतं.

नोकरीचं आधी उरकते. सोडू नका. ईएसआयसीचं (कामगार विम्याचं) कार्ड आणि पीएफ यांची किंमत ते हातातून गेल्यावरच कळते. रविवारची कमाई सलग वर्षभर पगाराच्या बरोबरीला आली, तर मला पुन्हा लिहा.

आता माल. यादीचे मी तीन ढीग केले. पहिला रोज लागणाऱ्या वस्तूंचा: चामडी पट्टे, बॉबिन, बॉबिन केस, सुया, टेन्शनच्या स्प्रिंगा, बॉबिन भरायच्या चाकाचे रबर. उस्तादांच्या खरेदीच्या भावाने 70,000 रुपये. दुसरा लांब शटलच्या (शटल म्हणजे खालचा धागा नेणारा भाग) जुन्या मशिनींचा: होडीच्या आकाराची शटलं, त्यात बसणाऱ्या लांब बारीक बॉबिनी, सिंगर 27, 28, 127, 128 ला लागणारे भाग. याचे 1,40,000 लावलेत. तिसऱ्यात मोटरी, कारखान्याच्या मशिनींचे भाग आणि बंद पडलेली 23 डोकी (म्हणजे मशीनचा टेबलावरचा भाग), मिळून 1,15,000.

तुमचा जीव दुसऱ्या ढिगात अडकलाय, हे तुमच्या पत्रावरून कळतं. असला माल मिळत नाही, कबूल. पण मागतं कोण? वहीप्रमाणे गेल्या बारा महिन्यांत त्या ढिगातून 9,000 रुपयांचा माल गेला. या चालीने तो संपायला साडेपंधरा वर्षं लागतील. तेच 1,40,000 एफडीत राहिले तर वर्षाचं व्याज 9,800 होतं. उस्तादांनी वर्षभर गल्ल्यावर बसून जेवढी विक्री केली (नफा नाही म्हणत मी, विक्री), त्याहून जास्त तुमची पावती कपाटात पडून कमावते.

पहिला ढीग का फिरतो हे तुम्हाला मी सांगायला नको, पण इतर वाचकांसाठी सांगते. आपल्याकडच्या घरोघरच्या काळ्या मशिनी बहुतेक सिंगर 15 च्या वळणाच्या. उषाच्या काळ्या मशिनी त्याच घडणीच्या, लुधियानात बनणाऱ्याही त्याच. त्यामुळे स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातून आलेल्या आजीच्या सिंगर 15 ला लुधियानाचं नवं बॉबिन केस बसतं. तो कारखाना 1980 मध्ये बंद झाला, तरी मशीन अडत नाही. पण याच कारणाने या मालाला दुर्मीळ म्हणून जास्त भाव द्यायचाही नाही. लुधियानाचा घाऊक भाव फोनवर विचारा आणि त्याच्या वर एक रुपया जाऊ नका. पट्टे एकेक करून बोटाभोवती वाकवून बघा. वर्षानुवर्षं खुंटीला लटकून चामडं वाळलेलं असतं. तडा दिसला की तो पट्टा हिशेबातून बाहेर.

तरीही 70,000 चा माल एकदम उचलू नका. उस्तादांचं दुकान आठवड्याचे सहा दिवस उघडं असायचं. तुम्ही रविवारी आणि फार तर संध्याकाळी दोन तास असणार. त्यांच्या वहीतला खप तुमच्या घरी जसाच्या तसा येणार नाही, मी निम्मा धरते. म्हणून 40,000 चा माल घ्या, उरलेला लागेल तसा.

हे 40,000 एफडी मोडून नको. मुदतीआधी मोडली की बँका सहसा अर्धा ते एक टक्का व्याज कापतात, तेही पूर्ण 4 लाखांवर. त्याऐवजी त्याच एफडीवर कर्ज घ्या. व्याज साधारणपणे एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त असतं. 8 टक्के धरले आणि महिन्याला 4,000 फेडले, तर दहा महिन्यांत कर्ज फिटतं आणि एकूण व्याज दीड हजाराच्या आसपास जातं. रविवारची मजुरी 16 गुणिले 350, म्हणजे 5,600. हप्ता त्यातूनच द्यायचा, मालाच्या विक्रीला हात लावायचा नाही, ती नवा माल भरायला लागेल. सध्या ही मजुरी घरखर्चात मिसळते असं दिसतंय. तिच्यासाठी वेगळं बचत खातं काढा. जूनमध्ये फी भरताना एफडीवर एक रुपयाचाही बोजा नसावा.

दुसरा ढीग उस्तादांच्याच मालकीचा राहू द्या. तुम्ही सांभाळा, विकेल तसे त्यांना पैसे द्या. शंभरातले साठ त्यांचे, चाळीस तुमचे, असं काहीतरी. ते नाही म्हणतील असं वाटत नाही, कारण दुसरं गिऱ्हाईक आलं असतं तर एवढ्यात विकून मोकळे झाले असते. मात्र हे तोंडी ठेवू नका. दोन प्रतींत यादी करा आणि त्यांच्या मुलांच्याही सह्या घ्या. उद्या उस्ताद नसले आणि मुलं दारात येऊन ‘आमच्या वडिलांचा दीड लाखांचा माल कुठे गेला’ म्हणाली, तर तुमच्याजवळ कागद हवा.

लांब शटलची गिऱ्हाइकं सोलापुरापेक्षा बाहेरच जास्त सापडतील, जुन्या मशिनी हौसेने सांभाळणारे लोक मोठ्या शहरांत आहेत. पण दुसऱ्या राज्यात माल विकायचा तर उलाढाल कितीही कमी असो, जीएसटी नोंदणी लागते. वस्तूंसाठीची 40 लाखांची सूट तिथे चालत नाही. म्हणून आधी महाराष्ट्रातच विकून बघा.

तिसऱ्या ढिगातल्या मोटरी सोडा. डोकी मात्र भंगाराच्या वजनाने मिळत असतील तर 15 च्या वळणाची निवडून घ्या, सुटे भाग काढायला उपयोगी पडतील. सोनेरी अक्षरांवर भुलून कुठल्याही डोक्याला जादा पैसे मोजू नका. ती अक्षरं आता नवी चिकटवून मिळतात.

पीएम विश्वकर्मा योजनेचं विचारलंत. तिच्या 18 व्यवसायांत दर्जी आहे, मशीन मेकॅनिक नाही. पत्नी शिवणकाम करत असेल तर तिने स्वतःच्या नावाने जरूर चौकशी करावी. तुम्ही स्वतःला दर्जी म्हणवून अर्ज करू नका.

आता थोडं घरचं सांगते. माझ्या आईची मशीन दर डिसेंबरात जड व्हायची आणि मार्चमध्ये आपोआप हलकी. एका दुरुस्तीवाल्याने शटल बदललं, दुसऱ्याने पट्टा, पैसे दोघांनीही घेतले. तिसरा आला त्याने तेलाच्या छिद्राला नाक लावलं आणि विचारलं, ‘खोबरेल घालता का?’ आई घालायची. खोबरेल 24 अंशांच्या खाली थिजतं आणि जुनं झालं की चिकट राळ होते. त्याने सगळीकडे रॉकेल सोडलं, रात्रभर ठेवलं, सकाळी चाक फिरवून काळा चिखल पुसला आणि मशीनचं पांढरं तेल घातलं. मजुरी 250, सुटे भाग शून्य. पुढे आमच्या गल्लीतल्या सहा मशिनी त्याच्याकडे गेल्या.

उस्तादांचं नाक आणि कान यादीत नाहीत, त्यांना भावही लावलेला नाही. तेव्हा सौदा ठरवताना एक मागून घ्या: पुढचे सहा महिने रविवारी दोन तास त्यांनी तुमच्या घरी येऊन बसायचं. चहा आणि रिक्षाचं भाडं तुमचं. दुकानाच्या शटरवर तुमचा मोबाइल नंबर लिहायची परवानगीही मागा, नाहीतर त्यांची गिऱ्हाइकं कुलूप बघून परत जातील.

यादीच्या शेवटच्या पानावर एक ओळ आहे: ‘स्क्रू, जुने, मिक्स, 1 डबा, 500 रु.’ तीन लाखांच्या यादीत तुम्ही तिच्याकडे बघितलंही नसेल. सिंगरच्या स्क्रूंचे आटे त्यांचे स्वतःचे, हार्डवेअरच्या दुकानातला स्क्रू त्यांना लागत नाही. जबरदस्तीने पिळला तर भोकातले आटे जातात. 23 डोक्यांआधी किती डोकी खोलून तो डबा भरला असेल कोण जाणे. पहिल्या फेरीत तो उचला, आणि त्या 500 मध्ये घासाघीस करू नका.