शेऱ्यांत नसलेली वेळ

साडेपाच वर्षांच्या एका मुलाच्या आईने खुर्चीत बसता बसताच शाळेची डायरी माझ्यापुढे उघडून ठेवली. (ओळख पटू नये एवढे तपशील मी येथे बदलले आहेत.) दोन महिन्यांत अकरा शेरे, सगळे लाल शाईत: ‘शेजारच्या मुलाला ढकलले’, ‘डबा फेकला’, ‘बाकाखाली जाऊन बसला, बाहेर येईना’. अशा वेळी बहुतेक पालक जे विचारतात तेच त्यांनीही विचारले. आमच्या लाडाने हा बिघडला, की याला काही आजार आहे? वडिलांचे मत वेगळे होते. लहानपणी तेही असेच हूड होते आणि चार धपाटे खाऊन सरळ झाले होते, असे ते म्हणाले.

ही बोलणी चालू असताना मुलगा माझे पेन उघडत होता. स्प्रिंग उडाली, तिच्यामागे तो टेबलाखाली शिरला आणि आईने तीनदा हाका मारूनही तो बाहेर आला नाही. स्प्रिंग हाती लागल्यावर मात्र तो आपण होऊन वर आला आणि पेन पुन्हा जोडेपर्यंत त्याने मान वर केली नाही. एवढी चिकाटी असलेल्या मुलाला ‘एका जागी लक्ष नाही’ असे म्हणायला मी सहसा कचरतो.

आधी आजाराच्या शंकेविषयी. एडीएचडीचे, म्हणजे लक्ष टिकत नसल्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकाराचे, निदान दोनचार शेऱ्यांवरून होत नाही. त्यासाठी लक्षणे किमान 6 महिने टिकलेली, घर आणि शाळा अशा दोन किंवा अधिक ठिकाणी दिसणारी आणि वयाच्या मानाने स्पष्टपणे जास्त असावी लागतात. या मुलाचे घरी तसे काही नव्हते. तरीही कान आणि डोळे तपासून घ्यायला मी सांगितले, कारण नीट ऐकू न येणारे मूलही ‘ऐकत नाही’ या सदरात जमा होते. दोन्ही तपासण्या ठीक निघाल्या. लाडाच्या आरोपाविषयी सांगायचे तर, अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी 1956 पासून मुलांचा जन्मापासून पाठपुरावा केला, तेव्हा सुमारे 10 टक्के मुले तान्हेपणापासूनच तीव्र प्रतिक्रिया देणारी आणि बदलाशी जुळवून घ्यायला वेळ लागणारी आढळली. या मुलांचे पुढे कसे होते, हे स्वभावाइतकेच भोवतालच्या माणसांच्या अपेक्षा त्या स्वभावाशी कितपत जुळतात यावर ठरते, असे त्यांचे म्हणणे होते.

डायरीतल्या शेऱ्यांत काय घडले ते होते, पण केव्हा आणि कशानंतर घडले ते एकातही नव्हते. म्हणून मी वर्गशिक्षिकेला दोन आठवडे प्रत्येक प्रसंगाची वेळ, त्याआधीची दोन मिनिटे आणि त्यानंतर काय झाले, एवढेच टिपायची विनंती केली. तीस मुलांचा वर्ग सांभाळून त्यांनी ते केले, याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. चौदा नोंदींपैकी नऊ एक काम थांबवून दुसरे सुरू करण्याच्या वेळच्या होत्या. गोष्ट ऐकताना किंवा ठोकळे रचताना एकही नव्हती. शेवटचा रकाना तर आणखी बोलका होता. गोंधळ केला की त्याला वर्गाबाहेर उभे केले जाई, म्हणजेच जे आवरणे त्याला नकोसे होते त्यातून त्याची दर वेळी सुटका होत होती. शिक्षा म्हणून दिलेली गोष्ट त्याला बक्षिसासारखी लाभत होती.

त्याचा खरा राग अर्धवट राहिलेले काम मोडावे लागण्यावर होता. तेव्हा शिक्षिकेने त्याच्यासाठी एक पुठ्ठ्याचे कार्ड केले: ‘काम चालू आहे, मोडू नये’. वेळ संपण्याच्या पाच मिनिटे आधी त्याच्याजवळ जाऊन हळू आवाजात सांगायचे, कार्ड त्याच्याच हाताने ठोकळ्यांवर ठेवायला लावायचे आणि लगेच वह्या वाटण्याचे काम द्यायचे, असे ठरले. त्यातूनही ढकलाढकली झालीच, तर बाहेर न पाठवता बाईंजवळ बसवायचे आणि आवरणे मात्र त्यानेच पुरे करायचे.

घरासाठी माझी सूचना एकच होती, आणि वडिलांना तीच सर्वांत जड गेली. सकाळच्या गुन्ह्याची संध्याकाळी पुन्हा चौकशी करायची नाही. साडेपाच वर्षांच्या मुलाला सात तासांपूर्वीचा धक्का आणि आत्ताचा धपाटा यांची सांगड घालणे अवघड जाते. घरी गेल्यावर मार बसतो, एवढेच त्याच्या लक्षात राहते. त्याऐवजी ‘आज काय अर्धे राहिले?’ असे विचारा, असे मी सुचवले.

तिसऱ्या आठवड्यात शेरे वाढले. बाहेर जाण्याची जुनी वाट बंद झाल्यावर मूल काही दिवस ती अधिक जोराने ठोठावते. हे मी आधीच सांगून ठेवले होते, तरी आईचा रडवेला फोन आलाच. त्याच आठवड्यात सोडून दिले असते, तर जोर वाढवला की वाट उघडते, एवढेच तो शिकला असता. पाचव्या आठवड्यापासून फरक दिसू लागला आणि तिसऱ्या महिन्यात दोनच शेरे आले. रांगेतली ढकलाढकली अजून आहे. तिच्यावर आम्हाला अद्याप उपाय सापडलेला नाही. सध्या त्याला रांगेत शेवटी उभे करून दार लावण्याचे काम देऊन पाहत आहोत.

नव्या वर्षी वर्गशिक्षिका बदलणार आहेत. कशाने बिघडते, कशाने सावरते आणि कार्ड कुठे ठेवले आहे, हे एका पानावर लिहून आईने पहिल्या दिवसाआधीच नव्या बाईंना नेऊन द्यावे, असे ठरले आहे. त्या पानाचा मसुदा या वेळी वडिलांनी लिहून आणला.