वेल्श शिकवू इच्छिणाऱ्या नव्या शिक्षकास

वेल्समध्ये प्रौढांना वेल्श भाषा शिकवण्याचा तुमचा विचार ऐकून मनापासून आनंद झाला. २०१६ मध्ये स्थापन झालेल्या, वेल्श शिक्षणासाठीच्या राष्ट्रीय केंद्राच्या देखरेखीखाली विद्यापीठे, महाविद्यालये आणि स्थानिक संस्था हे वर्ग चालवतात; तेव्हा प्रथम आपल्या भागातील संस्थेशी बोलून काही वर्ग मागे बसून पाहावेत. पाठ्यपुस्तकांच्या उत्तर आणि दक्षिण वेल्ससाठी वेगळ्या आवृत्त्या असतात, म्हणून स्थानिक बोलीचेच रूप शिकवावे. मात्र खरी कसोटी प्रवेश, म्हणजे अगदी सुरुवातीच्या, पातळीच्या वर्गात लागते. दिवसभर नोकरी करून आलेला विद्यार्थी बोलत असताना, वेल्शमध्ये संदर्भानुसार शब्दाच्या आरंभी होणाऱ्या व्यंजनबदलाची प्रत्येक चूक तिथल्या तिथे सुधारली, तर तो बोलणेच सोडून देतो. त्याला आधी वाक्य पूर्ण करू द्यावे. नियम, माझ्या मते, पुरेसा सराव झाल्यावरच सांगावा.